एक जेर, एक जबर: कुराणाचा अभ्यास नेमका कशाचा असतो?

नमाजाआधी वजू करताना पाय धुवायचे की ओला हात पायांवरून फिरवायचा? सुन्नी मुसलमान घोट्यापर्यंत पाय धुतात. शिया पायांवरून ओला हात फिरवतात. आधार विचारला तर दोघेही कुराणातल्या एकाच आयतीकडे, म्हणजे वचनाकडे, बोट दाखवतात: पाचव्या सूरेतली (अध्यायातली) सहावी आयत. तिच्यात आधी तोंड आणि कोपरापर्यंत हात धुवायला सांगितलं आहे, मग डोक्यावरून हात फिरवायला, आणि त्यानंतर पायांचा उल्लेख येतो. हे पाय ‘धुवा’ला जोडायचे की ‘हात फिरवा’ला, हे अरबीत एका स्वरावर ठरतं. ‘अर्जुलकुम’ म्हटलं तर पाय ‘धुवा’कडे जातात, ‘अर्जुलिकुम’ म्हटलं तर ‘हात फिरवा’कडे. अक्षरं तीच राहतात. फरक असतो तो लाम या अक्षराच्या वर जबर आहे की खाली जेर, म्हणजे एक तिरपी रेघ वर ओढली की खाली, एवढाच.

हे दोन्ही उच्चार जुने आहेत आणि मान्यताप्राप्त पाठपरंपरांमध्ये दोन्ही आढळतात. पुढची गंमत अशी की आज शिया घरातली छापील प्रत उघडली तर तिच्यातही जबरच असतो, ‘अर्जुलकुम’च असतं, आणि तरी त्या घरात पायांवरून हातच फिरवला जातो. उलट सुन्नी कारी, म्हणजे कुराणाचं शास्त्रशुद्ध पठण करणारा, ‘अर्जुलिकुम’ हा पाठ अस्खलित म्हणून दाखवेल आणि वजू करताना पाय धुवेल. प्रत्येकाकडे त्याचं व्याकरण आहे, त्याच्या हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, आहेत, त्याच्या गुरुजनांची परंपरा आहे.

‘कुराणात असं लिहिलंय’ हे वाक्य आपल्याकडे वादात दोन्ही बाजूंनी इतकं सहज फेकलं जातं, की त्यानंतर बोलणंच संपतं. माझं म्हणणं असं आहे की कुराणाच्या बाबतीत ‘काय लिहिलंय’ हा प्रश्न तुलनेनं सोपा निघाला. त्याचं उत्तर गेल्या काही दशकांत बऱ्यापैकी हाती आलं आहे. खरं काम आहे ते लिहिलेलं वाचायचं कसं याचं, आणि ते तेराशे वर्षं चालू आहे.

ऐकलेलं पुस्तक

आधी थोडी ओळख. कुराणात 114 सूरा आहेत. इराकमधल्या कूफा शहराच्या मोजणीप्रमाणे, जी आज सर्वाधिक चालते, 6236 आयती आहेत. वाचायला सोयीचे म्हणून तीस भाग केलेले आहेत, त्यांना आपल्याकडे पारे किंवा सिपारे म्हणतात. परंपरेनुसार इ.स. 610 च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत मुहम्मद पैगंबरांना पहिला संदेश आला आणि 632 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत संदेश येत राहिले, 622 पर्यंत मक्केत आणि हिजरतनंतर, म्हणजे स्थलांतरानंतर, मदिनेत. ते एकगठ्ठा आले नाहीत. कधी दोन ओळी, कधी मोठा भाग. ऐकणाऱ्यांनी ते पाठ केले. काहींनी खजुराच्या झावळ्यांचे देठ, कातडं, उंटाच्या खांद्याची रुंद हाडं, जे मिळेल त्यावर उतरवून घेतले. पैगंबरांच्या हयातीत दोन पुठ्ठ्यांत बांधलेलं पुस्तक नव्हतं.

633 मध्ये यमामाच्या लढाईत कुराण पाठ असणारे बरेच जण मारले गेले, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी पैगंबरांचे लेखनिक जैद इब्न साबित यांना सगळं एकत्र करायला सांगितलं, असं परंपरा सांगते. ती पानं पुढे पैगंबरांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडे राहिली. नंतर आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेवर सिरियाचे आणि इराकचे सैनिक एकत्र आले आणि एकमेकांचं पठण ऐकून भांडू लागले. हुजैफा नावाचे सेनानी घाबरून तिसरे खलिफा उस्मान यांच्याकडे आले. उस्मान यांनी 650 च्या सुमारास जैद यांच्याच हातून एक पाठ पक्का केला, त्याच्या प्रती मोठ्या शहरांना पाठवल्या आणि बाकीच्या प्रती जाळायला लावल्या. कूफ्यात पैगंबरांचे सोबती इब्न मसऊद यांची स्वतःची प्रत होती आणि हा हुकूम त्यांना अजिबात रुचला नव्हता, हेही परंपराच सांगते. ती सांगते हे महत्त्वाचं. मुस्लिम विद्वानांनी हा तंटा लपवला नाही, उलट दहाव्या शतकापर्यंत अशा वेगळ्या प्रतींतल्या पाठभेदांच्या याद्या करून ठेवल्या.

उस्मान यांच्या प्रतींची लिपी मात्र आजच्यासारखी नव्हती. तिच्यात जेर-जबर नव्हतेच, आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांच्या वर-खाली दिले जाणारे ठिपके, तेही क्वचित. नुक्ते नसले की बे, ते, से, नून आणि ये ही पाच अक्षरं शब्दाच्या मधोमध सारखीच दिसतात, नुसता एक दात. मग वाचायचं कसं? उत्तर असं की ती प्रत अनोळखी माणसानं वाचण्यासाठी नव्हतीच. ज्याला पाठ आहे त्याला आठवायला मदत म्हणून ती होती. स्वरांसाठी रंगीत ठिपके देण्याची पद्धत बसऱ्याच्या अबुल अस्वद यांच्या नावावर सांगितली जाते. आजचे जेर, जबर, पेश आठव्या शतकातल्या खलील इब्न अहमद या व्याकरणकाराचे मानले जातात. म्हणजे पायांबद्दलचा तो एक स्वर मूळ कागदावर, खरं तर कातड्यावर, नव्हताच. तो ओठांवर होता. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज पुस्तक न उघडता पुरे तीस पारे म्हणतो, त्यामागे ही जुनी सवय आहे.

कातड्याची साक्ष

ही सगळी कथा मुख्यतः मुस्लिम ग्रंथांतून कळते, आणि हे ग्रंथ घटनांनंतर दीड-दोनशे वर्षांनी लिहिलेले आहेत. इतिहासकाराला इथे शंका येणारच. 1977 मध्ये लंडनचे अभ्यासक जॉन वॉन्सब्रो यांनी ती शंका टोकाला नेली: कुराणाला पक्कं रूप आलं ते पैगंबरांनंतर सुमारे दोन शतकांनी, इराकमध्ये. त्या काळात बऱ्याच विद्यापीठांत हे म्हणणं धाडसी आणि आकर्षक वाटत होतं.

पुरावा तेव्हा सापडलेला होता, फक्त वाचलेला नव्हता. 1972 मध्ये येमेनची राजधानी सना इथल्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती करताना छताजवळच्या पोकळीत जीर्ण पानांचा ढीग मिळाला. कुराणाचं फाटकं पान केरात टाकायचं नसतं, म्हणून शतकानुशतकं ती पानं तिथे सरकवलेली होती. त्यांत काही पानं अशी निघाली की एकदा लिहिलेला मजकूर खरवडून त्यावर दुसऱ्यांदा लिहिलेलं होतं. कातडं महाग, त्यामुळे ही काटकसर त्या काळी सर्रास चालायची. वरचा मजकूर आपल्या ओळखीचं कुराण आहे. खरवडलेल्या शाईतले धातूचे कण मात्र अतिनील प्रकाशात दिसतात, आणि खालचा मजकूरही कुराणच आहे, पण उस्मान यांच्या पाठाशी तंतोतंत न जुळणारं. शब्दांत लहानसहान फरक आहेत आणि सूरांचा क्रम वेगळा आहे. उदाहरणार्थ, दुसऱ्या सूरेत हजयात्रेच्या संदर्भात ‘डोक्याचं मुंडण करू नका’ असं आहे तिथे खाली नुसतं ‘मुंडण करू नका’ आहे. कार्बन चाचणीनं त्या कातड्याचा काळ 578 ते 669 यांच्या दरम्यानचा दाखवला.

2015 च्या जुलैत बर्मिंगहॅम विद्यापीठानं आपल्या संग्रहातल्या दोन पानांची कार्बन चाचणी जाहीर केली: 568 ते 645. जगभर मथळे झाले. दोन्ही टोकांचे लोक खूश झाले, एकांना कुराण पैगंबरांच्या हयातीतलं सिद्ध झालं असं वाटलं आणि दुसऱ्यांना ते पैगंबरांच्याही आधीचं असावं असं. दोघांचीही घाई झाली. कार्बन सांगतो तो जनावर मेलं केव्हा. शाई केव्हा लागली ते सांगत नाही. शिवाय चाचण्याही नेहमी एकमेकींशी पटत नाहीत. एका प्रयोगशाळेनं सनाच्या एका पानाचं वय इतकं मागे नेलं की ते पैगंबरांच्या जन्माच्याही आधीचं ठरत होतं. म्हणून एकट्या कार्बनवर कोणी शहाणा अभ्यासक विसंबत नाही. अक्षरांचं वळण, शुद्धलेखन, पानाची आखणी हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

मला स्वतःला सर्वांत पटलेला पुरावा कार्बनचा नाही, शुद्धलेखनाचा आहे. 2019 मध्ये नेदरलँड्सचे भाषाशास्त्रज्ञ मरैन फान पुटन यांनी ‘अल्लाहची कृपा’ या अर्थाच्या शब्दप्रयोगाकडे पाहिलं. त्यातला ‘निअमत’ हा शब्द दोन प्रकारे लिहिता येतो, शेवटी ‘ते’ हे अक्षर गोल किंवा लांब. त्यानं अर्थ काही बदलत नाही, लिहिणाऱ्याची लहर. त्यांनी चौदा अतिप्राचीन हस्तलिखितं समोर ठेवली आणि ज्या ज्या ठिकाणी गोल तिथे सगळीकडे गोल, जिथे लांब तिथे सगळीकडे लांब, असं आढळलं. आजच्या छापील प्रतींतही तेच अकरा लांब ‘ते’ त्याच जागी आहेत. वेगवेगळ्या शहरांतले लेखनिक, कुणीही सांगितलेलं नसताना, इतक्या क्षुल्लक गोष्टीत एकमेकांशी जुळतील कसे? एकाच लेखी मूळ प्रतीवरून उतरवलं असेल तरच. एका माणसाचा हात मध्येच लांब ‘ते’कडे वळला आणि तेराशे वर्षं लोक ते वळण जपत आले.

जोडीला शहरागणिक फरकांच्या जुन्या याद्या आहेत. मदिना, दमास्कस, बसरा, कूफा यांच्या मूळ प्रतींत सुमारे चाळीस ठिकाणी बारीक भेद होते, असं मध्ययुगीन विद्वान नोंदवतात. सत्तावन्नाव्या सूरेच्या चोविसाव्या आयतीत कूफ्याच्या प्रतीत ‘हुव’, म्हणजे ‘तो’, हा छोटा शब्द आहे, मदिना आणि दमास्कसच्या प्रतींत नाही. हे भेद वंशवृक्षासारखे मांडून पाहिले तर ते एका मुळाशी जाऊन मिळतात. वॉन्सब्रो यांची दोन शतकं आता फारसं कोणी धरत नाही. उस्मान यांच्या काळाभोवतीच पाठ पक्का झाला, हे परंपरेचं म्हणणं या बाबतीत टिकलं. त्याच्या आधीच्या वीस वर्षांत काय होतं, हे मात्र सनाच्या खरवडलेल्या पानांसारख्या कवडशांतूनच दिसतं.

मराठी वाचकाच्या मनात इथे पुण्याची भांडारकर संस्था येईल. सुकथनकरांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. जर्मनीत गॉटहेल्फ बर्गश्ट्रेसर यांना कुराणाचं असंच काहीसं करायचं होतं. त्यांनी म्युनिकच्या अकादमीसाठी प्राचीन प्रतींच्या छायाचित्रांची रिळं जमवायला सुरुवात केली. 1933 मध्ये ते डोंगरात पडून गेले. त्यांचे उत्तराधिकारी ओटो प्रेत्सल 1941 मध्ये विमान कोसळून गेले. मग 1944 च्या बॉम्बहल्ल्यात अकादमीची इमारत जळाली आणि सुमारे साडेचारशे रिळं गेली, असं त्यांचे सहकारी आंतोन श्पिटालर सांगत राहिले. जवळजवळ पन्नास वर्षं सांगत राहिले. नव्वदच्या दशकात त्यांनी बर्लिनच्या आंगेलिका नॉयविर्ट यांना सांगून टाकलं की रिळं शाबूत आहेत, आपल्याकडेच आहेत. ती का दडवली, याचं समाधानकारक उत्तर त्यांनी दिलं नाही. नॉयविर्ट यांच्या पुढाकारानं 2007 मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या कुराण-संशोधन प्रकल्पाला ती उपयोगी पडली.

महाभारताशी तुलना इथवरच जाते. महाभारतात काश्मीरचा पाठ आणि दक्षिणेचा पाठ यांत अख्खे अध्याय कमी-जास्त असतात. संपादकाला ठरवावं लागतं की काय ठेवायचं आणि काय तळटीपेत टाकायचं. कुराणाच्या हस्तलिखितांत असा ऐवजच मिळत नाही. व्यंजनांचा सांगाडा जवळपास सगळीकडे सारखा. म्हणून अभ्यासाचं वजन आपोआप सांगाड्यावर चढवलेल्या स्वरांकडे, विरामांकडे आणि अर्थाकडे सरकतं.

सात, दहा आणि 1924

एकच सांगाडा, पण स्वर आणि नुक्ते वेगवेगळे लावले तर पाठ वेगवेगळे. या पाठपरंपरांना किरात म्हणतात. दहाव्या शतकापर्यंत त्या इतक्या वाढल्या की बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी त्यांतल्या सात निवडून त्यांना प्रमाण ठरवलं. निवड नुसती सल्ल्यादाखल नव्हती. इब्न शन्नबूज नावाचे मान्यवर कारी उस्मान यांच्या सांगाड्याबाहेरचे जुने पाठ म्हणत, म्हणून 935 मध्ये त्यांच्यावर खटला भरला, फटके मारले आणि माफीनामा लिहून घेतला. पंधराव्या शतकात इब्न अल-जजरी यांनी सातांच्या दहा केल्या.

त्यांतली एक, कूफ्याच्या आसिम यांची, त्यांचे शिष्य हफ्स यांनी सांगितलेली, आज भारतासह बहुतेक मुस्लिम जगात चालते. पण मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत गेलात तर ‘वर्श’ पाठ ऐकू येईल. रोजच्या नमाजातल्या पहिल्याच सूरेत आपल्याकडचे ‘मालिक’ मा लांबवून म्हणतात, म्हणजे न्यायाच्या दिवसाचा स्वामी; तिकडे ‘मलिक’ म्हणतात, म्हणजे त्या दिवसाचा राजा.

हफ्स पाठ इतका का पसरला, याला तुर्कांचं उस्मानी (ऑटोमन) साम्राज्य कारण आहे आणि छापखानाही. युरोपात 1537-38 च्या सुमारास व्हेनिसमध्ये कुराण छापलं गेलं होतं, पण इतक्या चुकांसह की त्याचा उपयोग शून्य. भारतात शिळाप्रेसवर कुराण मोठ्या संख्येनं छापलं गेलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात लखनौच्या मुन्शी नवल किशोर या हिंदू प्रकाशकाचा वाटा मोठा होता. मग 1924 मध्ये कैरोत सरकारी आवृत्ती निघाली. निमित्त अगदी साधं होतं: सरकारी शाळांत वापरल्या जाणाऱ्या परदेशी छापील प्रतींत चुका सापडत होत्या. विद्वानांच्या समितीनं हफ्स पाठ नक्की केला, आयतींना क्रमांक दिले, आणि आज जगभर कोणी ‘दोन दोनशे एक्केचाळीस’ असा हवाला देतो तो बहुधा त्याच मोजणीचा असतो.

क्रमाचा घोळ

पहिल्यांदा कुराण हातात घेणारा मराठी वाचक बहुतेक दुसऱ्या सूरेत अडखळतो. 286 आयती, कायदे, मोझेसची गोष्ट, वारसा, उपवास, घटस्फोट, सगळं एकापाठोपाठ. कारण सूरा कालक्रमानं लावलेल्या नाहीत. पहिली छोटी सूरा सोडली तर साधारण लांबीच्या उतरत्या क्रमानं लावलेल्या आहेत. सर्वांत आधीच्या, मक्केतल्या, लहान आणि लयबद्ध सूरा शेवटी जातात. म्हणून मदरशातली मुलं तिसाव्या पाऱ्यापासून, अम्मा पाऱ्यापासून, सुरुवात करतात. नवख्या वाचकानंही तेच करावं.

क्रम माहीत नसेल तर अर्थ उलटा होऊ शकतो. दारूचं उदाहरण घ्या. सोळाव्या सूरेत खजूर आणि द्राक्षांपासून मादक पेय मिळतं, असं देवाच्या देणग्यांच्या ओघात येतं. दुसऱ्या सूरेत म्हटलं आहे की दारूत मोठं पाप आहे आणि काही फायदेही, पण पाप फायद्याहून मोठं. चौथीत सांगितलं आहे की नशेत नमाजाला जाऊ नका. पाचवीत पूर्ण टाळायला सांगितलं आहे. परंपरेप्रमाणे आयती याच क्रमानं आल्या, टप्प्याटप्प्यानं. पण पुस्तक पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला बंदी आधी भेटते आणि सोळावी सूरा सर्वांत शेवटी!

कुठली आयत केव्हा आली, कुठल्या प्रसंगी आली, याला आपल्याकडे ‘शाने नुजूल’ म्हणतात. अकराव्या शतकात निशापूरचे वाहिदी यांनी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 1860 मध्ये जर्मन विद्वान थिओडोर नोल्डेके यांनी शैलीवरून मक्केच्या सूरांचे तीन आणि मदिनेचा एक असे चार टप्पे पाडले; ते मुस्लिम परंपरेच्या कालक्रमाच्या फार दूर गेले नाहीत. आपल्याकडे विनोबांनी तिसराच मार्ग घेतला. कुराण मुळातून वाचायचं म्हणून ते अरबी शिकले आणि निवडक आयती त्यांनी विषयवार लावल्या. विषयवार लावलं की वाचणं सोपं होतं. कुठली आयत कुठल्या लढाईनंतरची, हे मात्र हातून सुटतं.

अर्थ लावणारे

कुराणाच्या भाष्याला तफसीर म्हणतात. तिसऱ्या सूरेच्या सातव्या आयतीत कुराण स्वतःच म्हणतं की माझ्या काही आयती स्पष्ट आहेत आणि काही संदिग्ध, आणि संदिग्धांचा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही आणि ज्ञानात मुरलेले लोक म्हणतात की आमचा यावर विश्वास आहे. मूळ लिखाणात विरामचिन्हं नाहीत. ‘अल्लाह’ या शब्दावर थांबलं तर अर्थ फक्त देवाला ठाऊक. न थांबता ‘ज्ञानात मुरलेले’पर्यंत गेलं तर अर्थ देवालाही ठाऊक आणि विद्वानांनाही. बहुतेक छापील प्रतींत अल्लाहनंतर थांबण्याची खूण असते. तरी दुसरं वाचनही पैगंबरांचे चुलत भाऊ इब्न अब्बास यांच्या शिष्यवर्गातून आलेलं आहे, आणि भाष्यकारांना ते प्रिय असणं साहजिक आहे.

तबरी (839–923) हे या क्षेत्रातले भीष्म. बगदादमध्ये राहून त्यांनी प्रत्येक आयतीवर आधीच्या पिढ्यांची मतं जमवली, प्रत्येक मतामागे ‘अमक्यानं तमक्याकडून ऐकलं’ अशी साखळी दिली, परस्परविरोधी मतं शेजारी शेजारी ठेवली आणि शेवटी आपला कौल सांगितला. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण हरलेली बाजूही कागदावर राहते. बाराव्या शतकात ख्वारज्मच्या जमख्शरींनी व्याकरणाच्या अंगानं भाष्य लिहिलं. ते मुअतजिली, म्हणजे सुन्नी पंडितांच्या लेखी चुकीच्या पंथाचे, पण व्याकरण इतकं पक्कं की सुन्नी मदरशांनीही त्यांना सोडलं नाही. फखरुद्दीन राजींनी खगोलशास्त्रापासून तर्कशास्त्रापर्यंत सगळं भाष्यात आणलं. त्यात तफसीर सोडून सगळं आहे, असा जुना टोमणा आहे.

आणि या यादीत एक नाव मुंबईतलं आहे. माहीमच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे, ज्यांच्या उरसात पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो, ते मखदूम अली माहिमी (1372–1431) हे कोकणातल्या नवायत समाजातले सूफी आणि कुराणाचे भाष्यकार होते. त्यांनी अरबीत संपूर्ण तफसीर लिहिली आणि ती एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात छापली गेली. दोन गोष्टींसाठी ती ओळखली जाते. एक, लागोपाठच्या आयतींचा आपसांत संबंध काय, हे ते चिकाटीनं शोधतात. कुराण विस्कळीत आहे हा आक्षेप त्यांना मान्य नाही. दुसरं, नववी सोडून प्रत्येक सूरेच्या आरंभी येणाऱ्या बिस्मिल्लाहचा अर्थ ते दर वेळी त्या त्या सूरेच्या विषयाप्रमाणे वेगळा लावतात. मजकूर एकच, 113 वेळा. उरसाला लोटणाऱ्या गर्दीतल्या कितींना हे ठाऊक असेल कोण जाणे.

भाष्यातला सर्वांत काटेरी भाग म्हणजे नस्ख: नंतरच्या आयतीनं आधीच्या आयतीचा हुकूम रद्द झाला असं मानणं. नवव्या सूरेतली पाचवी आयत, जिच्यात मूर्तिपूजकांना गाठाल तिथे मारा असं आहे, आपल्याकडे समाजमाध्यमांवर सतत फिरते. तिच्या आधीच्या आयतीत करार पाळणाऱ्यांना वगळलं आहे आणि नंतरच्या आयतीत म्हटलं आहे की मूर्तिपूजकानं आश्रय मागितला तर त्याला तो द्या आणि सुरक्षित जागी पोहोचवा. म्हणून आजचे बरेच भाष्यकार तिला करार मोडणाऱ्या विशिष्ट मक्कावासीयांपुरती मानतात. पण मध्ययुगातल्या काही पंडितांनी या एका आयतीनं सलोख्याच्या शंभरहून अधिक आयती रद्द ठरवल्या होत्या, हेही खरं आहे आणि ते झाकून काही मिळत नाही. पाहण्यासारखं पुढे आहे. पंधराव्या शतकात कैरोच्या सुयूतींनी रद्द आयतींची यादी छाटत सुमारे वीसवर आणली. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी त्या वीस तपासल्या आणि पाच ठेवल्या. मजकुरातलं एक अक्षर न बदलता.

न्यायालयात

हे सगळं मदरशापुरतं राहत नाही. 23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाहबानो प्रकरणाचा निकाल दिला. इंदूरच्या या वृद्ध बाईंना वकील नवऱ्यानं 1978 मध्ये तलाक दिला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मिळावी का, एवढाच प्रश्न. पण मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकालपत्रात दुसऱ्या सूरेची 241 वी आयत उद्धृत केली. तिच्यात तलाक दिलेल्या स्त्रियांसाठी रीतीला धरून ‘मता’ द्यावा, हे ‘मुत्तकीं’वर कर्तव्य आहे, असं म्हटलं आहे.

मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाच्या वकिलांनी दोन मुद्दे मांडले. एक, ‘मता’ म्हणजे तजवीज, एकदाच दिलेलं काही, पोटगी नव्हे. दोन, मुत्तकी म्हणजे विशेष धर्मपरायण लोक. सगळ्या मुसलमानांवर हे बंधन नाही. दोन्ही अस्सल तफसीरचे मुद्दे आहेत. भाष्यकार अशाच गोष्टींवर पानंच्या पानं लिहीत आले. न्यायालयानं पहिल्यावर म्हटलं की तजवीज आणि पोटगी यांत फरक दाखवला जातोय, पण तो फरक नव्हेच. दुसरा मुद्दा लगतच्या 242 व्या आयतीच्या आधारानं बाजूला ठेवला. न्यायाधीशांनी आयतींचा अर्थ लावू नये, हा आक्षेप देशभर उठला तो यावरच. निकालाच्या रकमेबद्दल फार कोणी भांडत नव्हतं. ती महिना 179 रुपये 20 पैसे होती.

1986 मध्ये संसदेनं नवा कायदा केला. नवऱ्यानं ‘वाजवी आणि रास्त तजवीज आणि पोटगी’ इद्दतीच्या मुदतीत द्यावी, अशी त्याची शब्दरचना आहे. इद्दत म्हणजे तलाकनंतरचा साधारण तीन महिन्यांचा काळ. नवऱ्याची जबाबदारी तीन महिन्यांवर आणली, असंच सगळ्यांनी तेव्हा वाचलं. शाहबानोंचेच वकील दानियाल लतीफी यांनी या कायद्याला आव्हान दिलं आणि 28 सप्टेंबर 2001 रोजी घटनापीठानं निकाल दिला. कायदा रद्द झाला नाही. न्यायालयानं तो नव्यानं वाचला. ‘इद्दतीच्या मुदतीत द्यावी’ याचा अर्थ ‘इद्दतीपुरती द्यावी’ असा होत नाही. देणं इद्दतीच्या आत झालं पाहिजे, पण रक्कम बाईच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी. आणि कायद्यात तजवीज आणि पोटगी असे दोन शब्द आहेत, तर त्या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. जो फरक 1985 मध्ये न्यायालयानं मोडीत काढला, आणि जो बोर्डाला हवा होता, त्याच फरकावर सोळा वर्षांनी तलाकशुदा बाईचा हक्क उभा राहिला.